धावत्या वाहनातला स्त्रियांचा छळ आणि वाहनावरच्या कर्मचाऱ्यांची जबाबदारी

मूळ धागा

बस, रेल्वे, मेट्रो यांतून प्रवास करणाऱ्या स्त्रियांना होणाऱ्या त्रासाची चर्चा निघाली की ती बहुधा दोन वाटांनी जाते. पहिली वाट स्त्रीला सल्ले देण्याची असते: आवाज चढवावा, पिशवी छातीशी धरावी, पिन जवळ बाळगावी, गर्दीची वेळ टाळावी. दुसरी वाट पुरुषांच्या संस्कारांची असते आणि ती फार लांबवर जाऊन कोठेच पोहोचत नाही. या दोन्ही वाटांवर एक पक्ष नेहमी नामानिराळा राहतो. वाहन चालवणारी संस्था तिकिटाचे पैसे घेते, दारे केव्हा उघडायची आणि गाडी कोठे थांबवायची हे ठरवते, आणि घटना घडत असताना बहुतेक वेळा तिचा किमान एक माणूस त्याच वाहनात हजर असतो. तरीही तिला कोणी काही विचारत नाही. हा धागा त्या पक्षाविषयी आहे.

या छळाचे स्वरूप आधी नीट पाहिले पाहिजे. गर्दीत गुन्हेगाराला सबब आयती मिळते. हात लागला तर गर्दी आहे, अंगावर रेलला तर ब्रेक लागला, मागे चिकटून उभा राहिला तर पुढे जागाच नाही. पहिल्या क्षणी खुद्द त्या स्त्रीलाही पुष्कळदा खात्री वाटत नाही. पुन्हा तसेच घडते का हे ती पाहते, आणि खात्री पटेपर्यंत थांबा येऊन तो माणूस उतरून गेलेला असतो. तिला बाजूला सरकायला जागा नसते आणि शेजारच्यांना आपापल्या ठिकाणी वेळेवर पोहोचायचे असते. म्हणजे दाद मागायची ती दोन थांब्यांमधल्या मोजक्या मिनिटांत. त्या मिनिटांत पोलीस तेथे नसतात आणि वकीलही नसतो. असतो तो चालक, वाहक, गाडीचा गार्ड किंवा फार तर पुढच्या फलाटावरचा कर्मचारी.

वाहनाची रचना हासुद्धा या प्रश्नाचा भाग आहे. १८७५ साली इंग्लंडमध्ये कर्नल व्हॅलेंटाइन बेकर या बड्या लष्करी अधिकाऱ्याने रेल्वेच्या डब्यात एकट्या असलेल्या तरुणीवर हात टाकला. त्या काळचे डबे लहान खणांचे असत, एका खणातून दुसऱ्यात जायला आतून वाट नसे आणि दार थेट बाहेर उघडे. ती तरुणी धावत्या गाडीचे दार उघडून बाहेरच्या पायरीवर उभी राहिली, म्हणून वाचली. बेकरला एक वर्षाचा कारावास झाला आणि सैन्यातून काढून टाकण्यात आले. गुन्हा त्याचा होता यात वाद नाही, परंतु चालत्या गाडीत परक्या माणसासोबत कोंडून घालणारा तो खण रेल्वे कंपनीने बांधलेला होता.

त्यानंतरच्या काळात अमेरिकेतल्या शहरी स्त्रिया टोपीला लावायच्या लांब पिनांचा वापर लोचट सहप्रवाशांना टोचण्यासाठी करू लागल्या. १९१० साली शिकागोच्या नगरपरिषदेने या पिना टोपीबाहेर किती याव्यात यावर बंधन घातले, कारण त्या इतरांनाही लागत. २०१९ साली जपानमधल्या एका कंपनीने गर्दीत हात लावणाऱ्याच्या हातावर उमटवायचा अदृश्य शाईचा शिक्का विक्रीला आणला आणि पहिले ५०० शिक्के तासाभराच्या आत संपले. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी बंदोबस्ताचे साधन प्रवासी स्त्रीच्याच पिशवीत आहे, हे मला अस्वस्थ करते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१२ च्या समुथिरम प्रकरणातील निकालात या बाबतीत स्पष्ट निर्देश दिलेले आहेत. सार्वजनिक प्रवासी वाहनात अशी घटना घडली आणि पीडितेने तक्रार केली, तर वाहनावरच्या कर्मचाऱ्यांनी ते वाहन जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावे आणि पोलिसांना माहिती द्यावी; तसे न केल्यास वाहनाचा परवाना रद्द व्हावा, असे त्यात म्हटले आहे. बसस्थानके व रेल्वे स्थानके यांवर साध्या वेशातील महिला पोलीस नेमण्याचा निर्देशही त्याच निकालात आहे. दिल्लीतील त्या भयंकर घटनेच्या काही दिवस आधीचा हा निकाल आज कोणाच्या फारसा स्मरणात नाही. येथे वाहतूक संस्थांत काम केलेले कोणी असतील तर त्यांच्याकडून जाणून घ्यायला आवडेल की, असे काही घडले तर कर्मचाऱ्याने काय करावे हे त्याला कधी शिकवले जाते का.

प्रतिसाद १

धाग्यातील मुख्य मुद्दा मान्य आहे, मात्र स्त्रियांसाठी राखीव डबे हा विषय त्यात आलाच नाही याचे आश्चर्य वाटले. कर्मचाऱ्यांना शिकवणे, पुरुषांची मने बदलणे हे सगळे व्हायला हवेच. परंतु जिला उद्या सकाळी कामावर जायचे आहे तिला तोवर थांबून राहा असे सांगता येत नाही. टोकियोत १९१२ साली शाळकरी मुलींसाठी वेगळी गाडी सुरू झाली होती. मुंबईत ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण महिलांची लोकल धावू लागली. कैरोच्या मेट्रोत १९८९ पासून राखीव डबे आहेत, टोकियोत केइओ मार्गावर २००० च्या डिसेंबरात ते रात्री उशिरा प्रायोगिक तत्त्वावर आले, दिल्ली मेट्रोत २०१० पासून आहेत. इतक्या वेगवेगळ्या समाजांत पुन्हा पुन्हा हाच उपाय केला जातो, याचे कारण त्याचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो.

त्याची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. मेक्सिको शहराच्या मेट्रोत अशा डब्यांचा जो अभ्यास झाला त्यात स्त्रियांचा लैंगिक छळ कमी झाल्याचे आढळले, पण उरलेल्या डब्यांत पुरुषांची आपसातली धक्काबुक्की आणि शिवीगाळ वाढल्याचेही दिसले. आणि राखीव डबा असताना जी स्त्री सर्वसाधारण डब्यात चढते तिला, तू येथे का आलीस, असा प्रश्न तोंडाने नाही तरी नजरेने विचारला जातो. तो प्रश्न विचारणाऱ्यांत स्त्रियाही असतात. तरीसुद्धा हे डबे काढून टाका असे मी कधीही म्हणणार नाही.

प्रतिसाद २

कदाचित माझे मत येथे कोणाला रुचणार नाही. गर्दीत चुकून लागलेला धक्का आणि मुद्दाम केलेला स्पर्श यांतला फरक तिसऱ्या माणसाने कसा ओळखायचा? वाहकाला तेवढ्यावरून बस पोलीस ठाण्यात नेण्याचा अधिकार दिला तर एखादा निरपराध माणूस सगळ्यांदेखत अपमानित होईल आणि त्याची पुढे भरपाई होणार नाही. जपानमध्ये हा प्रश्न गंभीर ठरलेला आहे. एप्रिल २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतील अशाच आरोपात शिक्षा झालेल्या एका प्राध्यापकाला निर्दोष ठरवले आणि केवळ एका जबाबावर आधारलेल्या प्रकरणांत विशेष सावधगिरी बाळगावी असे बजावले. स्त्रिया खोटे बोलतात असे मला अजिबात म्हणायचे नाही. गर्दीत तिने चुकीच्या माणसाकडे बोट दाखवण्याची शक्यता मात्र खरी आहे, कारण मागे उभे असलेल्या चौघांपैकी हात कोणाचा होता हे तिला दिसलेलेच नसते.

प्रतिसाद ३

मी बरीच वर्षे प्रवासी बसवर वाहक म्हणून काम केले आणि नंतर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो, म्हणून धागाकर्तीच्या प्रश्नाचे उत्तर देणे माझे काम आहे असे समजतो. संस्थेचे नाव देत नाही. उत्तर असे की, आम्हाला तिकिटांचा हिशेब, अपघातात काय करावे, आग लागली तर काय करावे, बेवारस सामान सापडले तर काय करावे हे सर्व शिकवले गेले. प्रवासी स्त्रीने अशी तक्रार केली तर काय करावे हे कोणीही शिकवले नाही. जुन्या वाहकांकडून जे कानावर पडले तेवढेच शिक्षण. जुन्यांचा रिवाज असा होता की त्या बाईंना पुढे आपल्या जागेजवळ बसवावे, त्या माणसाला दोन शब्द सुनवावेत आणि पुढच्या थांब्यावर उतरवून द्यावे. बहुतेक वाहकांना यात आपण योग्यच केले असे वाटे. प्रत्यक्षात काय होई? तो माणूस मागून येणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये चढे.

बस पोलीस ठाण्यात नेण्याचे म्हणाल तर ते कागदावर जितके सोपे आहे तितके रस्त्यावर नाही. साठ-सत्तर प्रवाशांपैकी निम्मे लगेच ओरडू लागतात की आमचा यात काय दोष, आम्हाला उतरवा. काही जण त्या बाईंनाच म्हणतात की जाऊ द्या हो, आता उतरायचेच आहे. हे ऐकून अनेकदा त्याच तक्रार मागे घेतात, कारण इतक्या लोकांची गैरसोय आपल्यामुळे होते आहे हा भार त्यांच्यावर येतो. चालक वेळापत्रकाकडे बोट दाखवतो, आणि त्याचेही चूक नसते, कारण फेरी उशिरा पोहोचली तर खुलासा त्याला द्यावा लागतो. फेरी रद्द झाली तर उत्पन्न बुडते आणि त्याची विचारणा वाहकाकडे होते. पोलीस ठाण्यात दोघांचेही जबाब होतात, पुढे तारखांना हजर राहावे लागते, आणि त्या दिवसांची हजेरी कशी लावायची यावरून कचेरीत वाद होतात. इतके सगळे पाहिल्यावर कर्मचारी काणाडोळा का करतो हे कोणालाही समजेल. तो निर्दय असतो असे नाही. त्याने केलेल्या योग्य कामाची नोंद करायला संस्थेच्या कागदांत रकानाच नसतो, उशिराचा रकाना मात्र ठळक असतो.

मी नियंत्रक झाल्यावर आमच्या स्थानकापुरती एक पद्धत पाडली. अशी तक्रार आली की वाहकाने पुढच्या स्थानकाला फोन करायचा. तेथे कर्मचारी व शक्य असल्यास पोलीस दाराशी थांबायचे. दोन्ही दारे एकदम न उघडता आधी पुढचे दार उघडायचे. बाकीच्या प्रवाशांना मागच्या बसमध्ये विनातिकीट बसवून द्यायचे. उशिराच्या नोंदीसमोर कारण म्हणून ‘प्रवासी सुरक्षा’ असे लिहायचे आणि त्यावर माझी सही असायची. ही सही सर्वांत महत्त्वाची ठरली. खुलासा आपल्याकडे मागितला जाणार नाही हे कळल्यावर ज्या वाहकांनी पूर्वी कधी तोंड उघडले नव्हते तेच फोन करू लागले. माझी बदली झाल्यावर ती पद्धत बंद पडली, कारण ती लेखी आदेशाने सुरू झालेली नव्हती.

वरील प्रतिसादकाच्या शंकेला एवढेच म्हणेन की, कोण दोषी हे वाहकाने ठरवायचे नसतेच. खिसा कापला गेल्याची तक्रार आली की आम्ही दारे बंद ठेवून बस ठाण्यात नेत असू, आणि तेव्हा एकाही प्रवाशाने निरपराधांच्या अपमानाचा मुद्दा काढल्याचे मला आठवत नाही.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य वाचून थांबून विचार करावा लागला.

वकिली करत असल्याने कायद्याची बाजू थोडक्यात मांडते. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंगासाठी बळाचा वापर करणे हा कलम ७४ खालील गुन्हा असून त्यास किमान एक व कमाल पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे. कलम ७५ लैंगिक छळाविषयी, कलम ७८ पाठलागाविषयी आणि कलम ७९ स्त्रीच्या लज्जेला धक्का देणारे शब्द वा हावभाव यांविषयी आहे. घटना कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडली हा प्रश्न धावत्या वाहनाच्या बाबतीत पूर्वी फार छळत असे. एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात पाठवले जाई. आता फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घेणे बंधनकारक आहे, ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत येऊन सही करावी लागते. या गुन्ह्यांची स्त्रीने दिलेली माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते.

प्रतिसाद २ मधील भीतीविषयी: जपानमधल्या त्या निकालाच्या वर्षीच, डिसेंबर २००९ मध्ये, टोकियोच्या साइक्यो मार्गावरील गाड्यांत कॅमेरे बसवण्यात आले. पुरावा लवकर आणि नीट गोळा झाला तर निरपराध माणसाचेही संरक्षण होते. घटनास्थळीच वेळ, आसनाची जागा, शेजारी कोण उभे होते आणि दोन साक्षीदारांचे दूरध्वनी क्रमांक लिहून घेतले गेले तर चुकीच्या माणसाकडे बोट दाखवले जाण्याची शक्यता घटतेच. हे लिहून घेण्याचे काम करू शकणारा माणूस वाहनात एकच असतो, आणि तेथे आपण पुन्हा धागाकर्तीच्या मुद्द्यापाशी येतो. केवळ कॅमेऱ्यावर विसंबू नये, कारण गच्च गर्दीत कंबरेखाली काय घडते ते छतावरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि चित्रण काही दिवसांनी पुसले जाते हे तक्रारदाराला बहुधा कोणी सांगत नाही. त्यामुळे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्याच दिवशी करावी.

प्रतिसाद ५

सहप्रवाशांचे काय? सगळा भार वाहकावर कशाला? गुन्हेगाराशी भांडायचे धाडस नसेल तर त्या स्त्रीशेजारी जाऊन उभे राहावे, किती वाजले किंवा पुढचा थांबा कोणता असे काहीही विचारावे. तेवढ्याने तो मागे सरकतो आणि तिला कळते की आपण एकट्या नाही. नंतर उतरताना तिला साक्षीसाठी आपला क्रमांक द्यावा. मोबाइलवर चित्रण केले तर ते तिच्या हवाली करावे, तिला न विचारता समाजमाध्यमांवर टाकू नये. अलीकडे हा दुसरा छळ सुरू झाला आहे.

प्रतिसाद ६ (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. प्रतिसाद ३ मुळे हा धागा काढल्याचे सार्थक झाले असे म्हणते.

राखीव डब्यांना माझा विरोध नाही, म्हणूनच त्यांचा उल्लेख टाळला; तो वाद सुरू झाला की बाकी सगळे बाजूला पडते. शिवाय ते डबे गाडीत असतात. थांब्यावरची वाट पाहणे, जिना, पादचारी पूल, उतरल्यानंतरचे अंतर यांना राखीव डबा पुरत नाही. टोरांटोत १९९१ पासून रात्री स्त्रियांना दोन थांब्यांच्या मध्ये, घराच्या जवळ, बस थांबवण्याची विनंती करता येते. माँट्रियलने १९९६ मध्ये तशीच सोय केली. यासाठी नवे वाहन लागले नाही. चालकाला तसे करण्याची परवानगी लेखी मिळाली एवढेच. प्रतिसाद ३ मधील सही आणि ही परवानगी एकाच जातीच्या आहेत.

खोट्या किंवा चुकीच्या तक्रारींची चर्चा जितकी होते त्या मानाने न केलेल्या तक्रारींची होत नाही. लंडनच्या वाहतूक संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत, नकोशा लैंगिक वर्तनाचा अनुभव आलेल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी तो कोठेही नोंदवलेला नव्हता. त्यानंतर तेथील रेल्वे पोलिसांसोबत जी मोहीम झाली तिच्यात प्रवाशांना सांगण्यात आले की, हा गुन्हाच होता किंवा मुद्दाम केला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची नाही. तुम्हाला अस्वस्थ वाटले, तर एक लघुसंदेश पाठवा. तक्रारींची संख्या वाढली आणि संस्थेने ती वाढ मोहिमेचे यश मानली. आपल्या परिचयाच्या बहुतेक कार्यालयांत तक्रारी वाढल्या की अधिकाऱ्याला खुलासा द्यावा लागतो, त्यामुळे त्या वाढू नयेत याचीच व्यवस्था केली जाते. विखुरलेल्या लहान नोंदींचा उपयोग असा की तोच मार्ग, तीच वेळ, तेच वर्णन पुन्हा पुन्हा आले की साध्या वेशातले पोलीस नेमके तेथे पाठवता येतात. एकेकटी तक्रार कमकुवत असली तरी अशा दहा तक्रारी मिळून एक माणूस सापडतो.

या सगळ्याला किरकोळ त्रास म्हणून बाजूला सारणाऱ्यांसाठी आणखी थोडे. दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थिनींवर झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असे दिसले की, चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळण्याजोगे गुण असूनही मुली सुरक्षित वाटणाऱ्या मार्गावरचे कमी दर्जाचे महाविद्यालय पत्करतात. मुलगे त्याच प्रमाणात तसे करत नाहीत. म्हणजे ज्या छळाची कोठेच नोंद नाही त्याची किंमत शिक्षणात आणि पुढे पगारात मोजली जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या १९० व्या करारात कामाच्या जागी होणाऱ्या छळाच्या व्याप्तीत कामावर जाण्या-येण्याचा प्रवासही धरला आहे, तो याच जाणिवेतून.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांना एक विचारायचे आहे: वाहकाने दोषी न ठरवता केवळ नोंद करायची, साक्षीदार लिहायचे आणि पुढच्या स्थानकाला कळवायचे, इतकीच पद्धत असेल तर तुमचा आक्षेप राहतो का? आणि निवृत्त नियंत्रकांना विनंती की, उशिराच्या नोंदीसमोर लिहिण्याचा तो मजकूर आणि स्थानकाला फोन करताना वाहकाने नेमके काय सांगायचे याचा नमुना त्यांनी येथे लिहून द्यावा. आमच्यापैकी काही जणी तो आपापल्या भागातील वाहतूक संस्थेकडे लेखी अर्जासोबत देणार आहोत, आणि न्यायालयाच्या २०१२ च्या निर्देशांची प्रतही त्याला जोडणार आहोत.

प्रतिसाद ७ (प्रतिसाद २ चे लेखक)

इतकीच पद्धत असेल तर आक्षेप नाही. मात्र नोंदीची प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही मिळावी, आणि त्याच्या बाजूचे साक्षीदार असतील तर तेही त्याच कागदावर यावेत.

प्रतिसाद ८ (प्रतिसाद ३ चे लेखक)

साक्षीदारांची सूचना योग्य आहे, ती घालतो. प्रतीविषयी मात्र वकीलबाईंनी सांगावे, कारण त्या कागदावर तक्रारदार स्त्रीचे नाव व पत्ता असतो आणि तो त्या माणसाच्या हाती जाणे मला बरोबर वाटत नाही. नमुना रविवारपर्यंत येथे टाकतो.